समोशाच्या रांगेतलं व्याख्यान

मागच्या गुरुवारी आमच्या संगणकशास्त्र विभागात पाहुण्यांचं संशोधन-व्याख्यान होतं. तळेगावहून (ढमढेरे, दाभाडे नव्हे) निघायचं, शिक्रापूरला गाडी बदलायची, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर काढायचा, असं करत तीनला पोचले. त्यामुळे हे परीक्षण जरा वैतागून लिहिलंय, ते आधीच सांगून टाकते.

पहिली पंधरा मिनिटं पुष्पगुच्छ, शाल आणि परिचय. परिचयात पेपर किती ते कळलं, पाहुण्यांना नेमका कुठला प्रश्न छळतोय ते नाही. मग साठेक स्लाइड. चौकोन आणि बाणांची ती नेहमीची आकृती, आधीच्या कामांचा तक्ता, आणि शेवटी ‘आमची पद्धत अर्ध्या टक्क्यानं सरस’. हा अर्धा टक्का किती वेळा प्रयोग करून मिळाला, पुन्हा केला तर टिकतो का, यावर चकार शब्द नाही. ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर शांतता. एमेस्सीची मुलं हजेरीपुरती आलेली. पण मीही गप्पच होते, त्यांना काय बोलणार?

विषयच अवघड असतो, असं यावर म्हणतात. मला पटत नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूर आयआयटीच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि तरीही शंभर टक्के खात्रीनं ठरवता येतं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. या कामाचं बीज बघा: (क्ष + १) चा पाचवा घात मांडला की सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. टोकाचे दोन सोडा, बाकी सगळ्यांना ५ नं भाग जातो. चौथ्या घाताचे १, ४, ६, ४, १. इथे ६ ला ४ नं भाग जात नाही. मूळ संख्येला हे कायम जमतं, इतरांना कधीच नाही. अडचण अशी की संख्या मोठी झाली की सहगुणक मोजता मोजता जन्म सरेल. ते सगळे न मोजता, एका छोट्या बहुपदीनं भागून उरलेली बाकी तेवढी तपासायची आणि असे थोडेच तपास पुरतात हे सिद्ध करायचं, ही या तिघांची करामत. फळ्यावर दहा मिनिटांत अकरावीच्या पोरालाही प्रश्न कळेल. पुढची सिद्धता अवघड आहे, पण ऐकणारा तोवर तुमच्यासोबत असतो.

आता आमच्या पाहुण्यांबद्दल खरी तक्रार. चहाला समोशाच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. सहज बोलता बोलता म्हणाले, ‘आठ महिने वाया गेले हो. टेस्टमधला डेटा ट्रेनिंगमध्येच मिसळलेला होता.’ म्हणजे पाठ केलेल्या गाइडमधलाच पेपर परीक्षेला आला, आणि आपण मार्क बघून खूश! मग त्यांनी तो घोळ कसा शोधला, ते पाच मिनिटं सांगितलं. अख्ख्या दुपारमधलं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते, आणि ऐकलं फक्त मी आणि समोसे वाढणाऱ्या मावशींनी.

माझं काम मराठी बातम्यांच्या वर्गीकरणाचं. एकाच वृत्तसंस्थेची बातमी मथळा बदलून चार ठिकाणी येते, हे मला माहीत होतं. तरी सगळ्या बातम्या पिसून, डोळे झाकून दोन ढीग केले होते. त्या रात्री घरी येऊन जुळ्या बातम्या शोधल्या. निघाल्या, आणि ढिगानं निघाल्या. त्या काढून पुन्हा चालवलं, तर नव्वदीतला आकडा सत्तरीत आला.

सकाळी गाइडना फोन केला. पेपर त्याच आठवड्यात पाठवायचा होता. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘थांबव.’

पुढचं व्याख्यान पंधरा दिवसांनी आहे. तुमचं काय फसलं, हे भरल्या सभागृहात विचारायचं असं ठरवलंय. वहीत लिहूनही ठेवलंय, म्हणजे ऐनवेळी तोंड बंद राहणार नाही.