प्रयोगाच्या पुढची गोष्ट : बारावीच्या मानसशास्त्राच्या अभ्याससाहित्याचा आढावा

अकरावी-बारावीला मानसशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींच्या हाती आज जेवढे अभ्याससाहित्य आहे, तेवढे आधीच्या कोणत्याही पिढीला मिळाले नव्हते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. गाईडे आणि अपेक्षित प्रश्नसंच तालुक्याच्या गावीही मिळतात. यूट्यूबवर प्रकरणवार व्याख्याने आहेत, टेलिग्रामवर नोट्स फिरतात. इंग्रजीची सवय असेल तर ब्रिटनमधल्या ए-लेव्हलसाठी आणि अमेरिकेतल्या एपी अभ्यासक्रमासाठी तयार झालेले भांडारही खुले आहे. साहित्याचा तुटवडा हा आजचा मुख्य प्रश्न राहिलेला नाही. प्रश्न त्याच्या गुणवत्तेचा आहे, आणि ती मोजण्यासाठी दुसरीकडून माप आणण्याची गरज नाही. माणूस कसा शिकतो आणि कसा विसरतो, हे याच शास्त्राने तपासले आहे. एखादे विधान पुराव्यावर कसे घासून घ्यावे, हीही याच शास्त्राची शिकवण. म्हणून मानसशास्त्राचे अभ्याससाहित्य मानसशास्त्राच्याच कसोटीला लावणे न्याय्य ठरते.

पहिली कसोटी स्मृतीची. हर्मन एबिंगहाउसने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ करून 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. तो आलेख प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाचा प्रयोग मात्र त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी झालेला आहे. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या गटांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते : 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने चित्र पालटले. वाचणाऱ्यांच्या लक्षात 40 टक्के उरले, आठवून लिहिणाऱ्यांच्या 61 टक्के. आपल्या लक्षात चांगले राहील हा विश्वास मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वही चाळून ‘सगळे येते’ असे वाटते, त्यामागे हीच फसगत असते. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी वरचे स्थान दिले. पुनर्वाचन आणि ओळी रंगवणे तळाशी राहिले.

या कसोटीवर गाईडांचे मोल काय? जाणकार मंडळी गाईडांकडे नाक मुरडून पाहतात, पण मला त्यांचा सांगाडा टाकाऊ वाटत नाही. रिकाम्या जागा, जोड्या लावा, चूक की बरोबर, संकल्पना स्पष्ट करा, फरक सांगा, टिपा लिहा : ही सगळी आठवायला लावणारी कामे आहेत. उत्तम पाठ्यपुस्तकापेक्षाही प्रश्नसंच या बाबतीत स्मृतीच्या विज्ञानाच्या जवळ जातो. तो फसतो मांडणीत. प्रश्नाखालीच उत्तर छापलेले असते, डोळा आपोआप खाली उतरतो आणि आठवण्याऐवजी वाचन सुरू होते. प्रश्नही प्रकरणाच्या चौकटीत बंदिस्त असतात. बुद्धिमत्तेच्या पानावर फक्त बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्वाच्या पानावर फक्त व्यक्तिमत्त्व. हे उदाहरण कोणत्या संकल्पनेचे, हे ओळखण्याची वेळच येत नाही, कारण प्रकरणाच्या नावानेच अर्धे उत्तर दिलेले असते. उत्तरे पुस्तकाच्या शेवटी नेली, प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस मागच्या दोन प्रकरणांतले पाच-सहा प्रश्न मिसळले, तरी तेच गाईड कितीतरी उपयोगी होईल. यासाठी कागद अधिक लागत नाही, किंमतही वाढत नाही.

व्हिडिओंची कथा थोडी निराळी. फिलिप झिंबार्डो यांची 26 भागांची ‘डिस्कव्हरिंग सायकॉलॉजी’ ही मालिका 1990 मध्ये अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली. हँक ग्रीन यांची ‘क्रॅश कोर्स’ची 40 भागांची मालिका 2014 मध्ये यूट्यूबवर. दोन्हींनी विषयाची गोडी लावली. मराठीतल्या व्याख्यानांत मात्र पुस्तकातल्या ओळी वाचून दाखवण्याचेच प्रमाण मोठे आहे. तरी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात या विषयाला पूर्णवेळ शिक्षक नाही, तिथल्या मुलीला एखादी संकल्पना आपल्या भाषेत, हव्या त्या वेळी ऐकायला मिळते, हे लहान काम नव्हे. अडचण एवढीच की ऐकताना सगळे सोपे वाटते आणि त्या सोपेपणालाच आपण समज मानतो. जो शिक्षक मध्येच थांबून ‘आता चित्रफीत थांबवा आणि उत्तर लिहा’ असे सांगतो, त्याची दहा मिनिटे इतरांच्या तासाला भारी पडतात.

दुसरी कसोटी पुराव्याची, आणि इथे साहित्य अधिक कमी पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात 1971 च्या ऑगस्टमध्ये झालेला तुरुंगाचा प्रयोग उजळणीच्या टिपणांत चार ओळींत उरकलेला असतो : तरुणांना पहारेकरी आणि कैदी केले, पहारेकरी क्रूर झाले, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, म्हणून परिस्थिती माणसाला घडवते. तिबो ल तेक्सिए या फ्रेंच अभ्यासकाने त्या प्रयोगाचे दप्तर तपासून 2019 मध्ये दाखवून दिले की पहारेकऱ्यांनी कसे वागावे याच्या सूचना त्यांना प्रयोगकर्त्यांकडूनच मिळत होत्या. त्याआधी रायकर आणि हॅस्लम यांनी बीबीसीच्या सहकार्याने तुरुंगाचा असाच अभ्यास केला, तेव्हा पहारेकरी आपोआप क्रूर झाले नाहीत. हे कळल्यावर मूळ निष्कर्ष जसाच्या तसा पाठ करणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती जुनी बातमी देणे होय.

किटी जेनोव्हीजचे प्रकरण याहून बोलके आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये या तरुणीचा खून झाला. 38 जण पाहत राहिले आणि कोणी हलले नाही, ही कथा मदतीच्या मानसशास्त्राची प्रस्तावना म्हणून आजही सांगितली जाते. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी 2007 मध्ये दाखवून दिले की उपलब्ध पुरावा या कथेला आधार देत नाही. पण त्या कथेतून सुचलेला डार्ली आणि लाताने यांचा बघ्यांच्या वागण्यावरचा 1968 चा प्रयोग त्यामुळे बाद होत नाही. कथा डळमळीत आणि प्रयोग भक्कम, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. सतरा वर्षांच्या मुलाला पुरावा तोलायला शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. मॅस्लोच्या त्रिकोणाचेही असेच. 1943 च्या मूळ लेखात गरजांची उतरंड आहे, तो प्रसिद्ध त्रिकोण मात्र नाही. 2015 मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते 36 टक्क्यांवर आले. या आकड्याने शास्त्राची नाचक्की झाली असे मी मानत नाही. आपल्याच घराची झडती घेण्याची हिंमत त्याने दाखवली. ती हिंमत उजळणीच्या पानापर्यंत पोचलेली नाही.

परदेशी साहित्य या बाबतीत कुठे आहे? इंग्लंडच्या एक्यूए मंडळाच्या ए-लेव्हलमध्ये 16 गुणांचा निबंध असतो. त्यात वर्णनाला 6 गुण आणि मूल्यमापनाला 10, असे नेहमीचे वाटप. शिवाय संशोधनपद्धतींना एकूण गुणांत किमान चतुर्थांश वाटा. परिणामी तिथल्या साहित्यात प्रत्येक सिद्धांताखाली ‘बलस्थाने’ आणि ‘मर्यादा’ असतातच. शास्त्राची वृत्ती गुणपत्रिकेत उतरवण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे. पण बाजाराने त्यावरही तोड काढली. ‘नमुना लहान होता’, ‘प्रयोगशाळेतली परिस्थिती कृत्रिम होती’, अशी कोणत्याही प्रयोगाला चिकटणारी वाक्ये तयार मिळू लागली आणि टीकेचेही पाठांतर सुरू झाले. अमेरिकेच्या एपी परीक्षेने 2025 पासून वेगळी वाट घेतली. आता विद्यार्थ्यापुढे प्रत्यक्ष संशोधनाचा सारांश ठेवतात आणि पद्धत, चल, नैतिक दक्षता, निष्कर्षाची व्याप्ती यांवर प्रश्न विचारतात. दुसऱ्या प्रश्नात तीन स्रोत देऊन त्यांच्या आधारे युक्तिवाद करायला लावतात. न पाहिलेला अभ्यास समोर आला की पाठ केलेली टीका फार कामाला येत नाही. मला ही दिशा अधिक खात्रीची वाटते.

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांबद्दल बोलताना न्याय करायला हवा. बालभारतीचे बारावीचे पुस्तक मानसशास्त्र हे शास्त्र आहे या भूमिकेपासून सुरू होते, आणि मनोविकारांबरोबर मानसिक स्वास्थ्याला व सकारात्मक मानसशास्त्रालाही जागा देते. एनसीईआरटीचे पुस्तक 1916 च्या कलकत्ता विद्यापीठातल्या पहिल्या मानसशास्त्र विभागापासून या विषयाची भारतीय वाटचाल सांगते. मात्र 2022 च्या कपातीत बारावीच्या पुस्तकातले जीवनाशी मानसशास्त्राची सांगड घालणारे प्रकरण गेले. पर्यावरण, गरिबी, आक्रमकता यांची मनाच्या अंगाने चर्चा तिथे होती. आपल्या मुलांना ज्या प्रकरणात स्वतःचा परिसर दिसला असता, तेच वगळले जावे याची खंत वाटते.

मराठी विद्यार्थ्याला स्वतःचा वारसा तर क्वचितच भेटतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमत्ता कसोटीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले आणि 1934 मध्ये त्याविषयी लिहिले. बिने-कामत कसोटी म्हणून ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. बुद्धिमत्तेच्या प्रकरणात हे सांगितले, की पुढचे प्रश्न वर्गातूनच उठतील : फ्रान्समध्ये रचलेला प्रश्न मराठी मुलाला तसाच विचारता येईल का? जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक काढणे कितपत योग्य? एका कसोटीच्या इतिहासात प्रमाणीकरण, विश्वसनीयता आणि वैधता या तिन्ही संकल्पना जिवंत होतात. त्यांच्या व्याख्या पाठ करण्याची मग वेगळी यातायात उरत नाही.

प्रात्यक्षिकांचे दालन सर्वांत समृद्ध होऊ शकेल असे आहे आणि तेच सर्वांत रिकामे आहे. या विषयाला उपकरणे लागतात हा समज अर्धाच खरा. स्ट्रूपचा 1935 चा प्रयोग चार रंगीत पेनांत होतो : ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने लिहा आणि शाईचा रंग सांगायला लावा. लॉफ्टस आणि पामर यांनी 1974 मध्ये 45 विद्यार्थ्यांना अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारताना फक्त क्रियापद बदलले. जोरदार धडकेचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी अंदाज ताशी 40.8 मैल आला, नुसत्या स्पर्शाचे वापरले तेव्हा 31.8. अर्ध्या वर्गाला ‘आदळल्या’ आणि अर्ध्या वर्गाला ‘टेकल्या’ असे छापलेली चिठ्ठी देऊन हा प्रयोग कोणत्याही गावात एका तासिकेत करता येतो. आकडे फळ्यावर मांडा, सरासरी काढा, निकाल मूळ अभ्यासासारखा आला नाही तर का आला नाही यावर बोला. बाजारात प्रकल्पाच्या तयार वह्या मिळतात, पण अशा तासिकेची सविस्तर कृती देणारे मराठी पुस्तक शिक्षकाच्या हाती नसते.

गाईड आणि ग्रंथ यांच्यामधली पायरीही मराठीत गायब आहे. विश्वकोशातल्या नोंदी भरवशाच्या आहेत, पण त्या सतरा वर्षांच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या नाहीत. अच्युत गोडबोले यांचे ‘मनात’ विषयाचा विस्तीर्ण पट रसाळपणे उलगडते, मात्र परीक्षेच्या धबडग्यात एवढा मोठा ग्रंथ कोण उघडणार? ठाण्याच्या आयपीएच या संस्थेच्या चित्रफिती मानसिक आरोग्याविषयी मराठीत समंजसपणे बोलतात. त्यांचा रोख समाजाकडे आहे, अभ्यासक्रमाकडे नाही. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सायकॉलॉजी रिव्ह्यू’ नावाचे नियतकालिक निघाले. नवे संशोधन या वयाच्या वाचकाला कळेल असे सांगणारे तसे नियमित लेखन मराठीत हवे.

मनोविकारांच्या प्रकरणाबाबत जबाबदारी आणखी मोठी आहे. ते प्रकरण वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः अस्वस्थ असतात, काहींच्या घरात आजार असतो. उजळणीच्या नोट्समध्ये लक्षणांच्या याद्या तेवढ्या उरतात, आणि यादी वाचून स्वतःला किंवा मैत्रिणीला नाव चिकटवणे सोपे असते. लक्षणे किती काळ टिकली, रोजच्या जगण्यात किती अडथळा आला आणि निदान कोणी करायचे, या तीन गोष्टी त्या यादीइतक्याच ठळक छापायला हव्यात. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच पानावर असायला हवा. 

चांगल्या साहित्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. गाईडच्या प्रकाशकांनी उत्तरे मागे न्यावीत आणि प्रश्न मिसळावेत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या मानसशास्त्राच्या शिक्षकांनी मिळून वीस प्रसिद्ध अभ्यासांची एक पुस्तिका करावी, प्रत्येक अभ्यासाला दोन पाने : पहिल्यावर काय केले, दुसऱ्यावर पुढे काय झाले. मंडळाने प्रश्नपत्रिकेत दरवर्षी एक न पाहिलेला, सोप्या मराठीत मांडलेला अभ्यास द्यावा आणि त्यावर चार प्रश्न विचारावेत. हा शेवटचा बदल बाकीच्यांना ओढून आणील, कारण आपल्याकडचे साहित्य पुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकेच्या मागे चालते. बारावीनंतर यातली बहुतेक मुले मानसशास्त्र सोडतील. त्यांच्याजवळ उरावी ती ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय, आणि ती लावणे हेच अभ्याससाहित्याचे पहिले काम आहे.