भंगाराचे शिल्प : डोळ्यांनी पाहावे, तराजूनेही तोलावे

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा शिक्षक महाराष्ट्रात सापडणे कठीण. आगपेट्यांचे दिवाणखाने, फुटक्या बांगड्यांची तोरणे आणि झाकणांच्या आगगाड्या आपण सर्वांनीच प्रदर्शनात मांडल्या आहेत. आता हाच खेळ मोठ्या प्रमाणावर, सरकारी खर्चाने, चौकाचौकांत आणि उद्यानांत मांडला जात आहे. तेव्हा त्याचे परीक्षणही तितक्याच गंभीरपणे व्हायला हवे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने सराय काले खाँजवळ एक उद्यान खुले केले. ताजमहाल, आयफेल मनोरा, पिसाचा झुकता मनोरा, गिझाचा पिरॅमिड, रोमचे कोलोझियम, रिओची ख्रिस्तमूर्ती आणि न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता अशा सात वास्तूंच्या प्रतिकृती तेथे सुमारे १५० टन भंगारातून उभ्या केल्या आहेत. आपल्याकडे सेवाग्राम विकास आराखड्यात गांधीजी आणि विनोबा यांची भंगारशिल्पे उभी राहिली. ती घडवण्यात मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातील कलावंतांचा हात आहे. अशी शिल्पे चांगली की वाईट हे ठरवायचे कसे? आम्ही तीन कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी डोळ्यांची. १९४२ मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे मस्तक केले. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगे. ते पाहताना बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. मन दोहोंमध्ये ये-जा करते, आणि या ये-जा करण्यातच त्या शिल्पाचा जीव आहे. जुन्या वस्तूची ओळख पुसली तर तो जीव जातो. दिल्लीच्या ताजमहालात सायकलची चाके, पाइप आणि बागेतली बाके आहेत, पण त्याचा आकार आधीच ठरलेला आहे. त्या जागी कोरे पाइप वापरले असते तरी ताजमहाल तोच राहिला असता. तेथे भंगार बोलत नाही, नुसते भरतीला येते. मुले मात्र जवळ जाऊन ‘ही चेन, हा गिअर’ असे ओळखू लागतात, तो क्षण या प्रतिकृतींमधला सर्वांत जिवंत क्षण होय. सेवाग्रामची कल्पना आम्हाला अधिक सकस वाटते. पाठकोऱ्या कागदावर पत्रे लिहिणाऱ्या माणसाचे शिल्प टाकून दिलेल्या लोखंडातून व्हावे, यात अर्थ आहे. नवे पत्रे वापरले असते तर तो अर्थ हरवला असता. शिवाय यंत्रांविषयी सतत प्रश्न विचारणाऱ्या गांधीजींचे शरीर यंत्रांच्या तुकड्यांचे का, हा प्रश्नही ते शिल्प पाहणाऱ्याला विचारायला लावते. शिल्पाने प्रश्न उभा करणे हा दोष नव्हे.

दुसरी कसोटी तराजूची. अशा शिल्पांची जाहिरात ‘कचऱ्याचा प्रश्न सोडवणारी कला’ अशी होते. येथे कोल्हापूरकरांनी गणित करून पाहावे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या भागांतील फाउंड्र्या भंगारावरच जगतात. एक टनाची इंडक्शन भट्टी साधारण तासाभरात एक टन लोखंड वितळवते. म्हणजे दिल्लीचे १५० टन भंगार वितळवायला अशा एकाच भट्टीला १५० तास, म्हणजे अखंड चालवल्यास सव्वासहा दिवस पुरतील. त्यातून पंपाचे, ट्रॅक्टरचे, मोटारीचे भाग तयार होऊन पुन्हा कामाला लागतील. खनिजापासून पोलाद करण्यापेक्षा भंगारापासून करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाचते. तेव्हा खरे पुनर्चक्रीकरण भट्टीत होते. शिल्पात अडकलेले लोखंड उलट त्या चक्रातून बाहेर पडते. म्हणून शिल्प करूच नये असे नाही. मात्र शिल्पाने शिल्प म्हणून उभे राहावे, कचऱ्याच्या हिशेबाचा आधार घेऊ नये.

तिसरी कसोटी पावसाची. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. कांस्याच्या पृष्ठभागावर संयुगांचा चिवट थर बसतो आणि तो आतल्या धातूला बऱ्याच अंशी राखतो. शिवाजी विद्यापीठातील, पुण्याचे शिल्पकार बी. आर. खेडकर यांचा १९७४ चा अश्वारूढ पुतळा कांस्याचाच आहे. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, तो फुगतो, सुटतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. भंगारशिल्पात शेकडो सांधे आणि फटी असतात, त्यांत पाणी साचते. त्यातच पितळेचा तुकडा लोखंडाला लागून असेल तर ओलाव्यात छोटा विद्युत्घटच तयार होतो आणि लोखंड अधिक वेगाने झिजते. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असल्याने त्याचे वेल्डिंग सहज होत नाही, जोडाशेजारी तडा जातो. जाड रंग दिला तर गंज थांबतो, पण वस्तूची ओळखही बुजते. म्हणजे पहिल्या कसोटीत मिळवलेले तिसरीत जाते. पारदर्शक लेप, पाणी वाहून जायला भोके आणि दरवर्षीची देखभाल यांची तजवीज आराखड्यातच हवी. उद्घाटनाच्या दिवशी सगळीच शिल्पे सुंदर दिसतात, परीक्षण दहाव्या पावसाळ्यानंतर करावे.

कोल्हापूरला या विषयात बाहेरून काही आणण्याची गरज नाही. बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये येथेच स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडवला. त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. माणसाच्या पुतळ्याऐवजी त्याने हातांनी केलेल्या यंत्राचे स्मारक उभारणारे हे गाव आहे. या गावात ऑइल इंजिनांची फ्लायव्हील, उसाच्या चरकाचे दाते आणि गुऱ्हाळातली फुटकी काहील यांतून एखादे शिल्प झाले, तर ते सातासमुद्रापारच्या मनोऱ्याची नक्कल नसावे. ज्या हातांनी ती यंत्रे चालवली त्यांची खूण त्यात दिसावी.

वर्गात याची सुरुवात सोपी आहे. धार बोथट करून, तेल पुसून भंगाराच्या दहा वस्तू टेबलावर मांडा. चुंबकाला कोणती चिकटते, ती कशासाठी बनली होती, ती कोठे झिजली आणि का, हे मुलांनी आधी लिहावे. त्यानंतरच ‘ही कशासारखी दिसते?’ असे विचारावे. वस्तूचे आधीचे आयुष्य ज्याला कळले, तोच तिला दुसरे आयुष्य देऊ शकेल. ज्याला ते कळले नाही, त्याच्या हातून फार तर भंगाराचा दुसरा ढीग तयार होईल, रंग दिलेला.