लांब मुलाखत, तोकडा उपप्रश्न

पॉडकास्ट जन्माला आला तोच मुलाखतीच्या रूपाने. 2003 साली हार्वर्डमध्ये क्रिस्टोफर लायडन या रेडिओ-पत्रकाराने डेव्ह वायनर या तंत्रज्ञाची मुलाखत ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवली. ‘पॉडकास्ट’ हे नाव त्यानंतर, 2004 मध्ये आले. रेडिओला बातम्यांची आणि जाहिरातींची वेळ सांभाळावी लागते. इथे घड्याळाचे बंधन नव्हते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या बारीक होत गेल्या, टीव्हीवरच्या चर्चा आरडाओरड्यात बुडाल्या, आणि राजकारण व विचार यांवरचे गंभीर बोलणे बऱ्याच अंशी या नव्या जागेत मुक्कामाला आले. त्या मोकळीकीचे आपण काय केले, हे आता तपासायला हवे.

सर्वात आधी नाव घ्यावे ते अर्थतज्ज्ञ रस रॉबर्ट्स यांच्या ‘इकॉनटॉक’चे. 2006 पासून दर आठवड्याला साधारण तासभराचा हा कार्यक्रम चालू आहे. रॉबर्ट्स खुल्या बाजारपेठेचे पाठीराखे आहेत आणि हे ते श्रोत्यांपासून लपवत नाहीत. 2014 मध्ये त्यांनी थॉमस पिकेटींना बोलावले. पिकेटींनी विषमतेबद्दल काढलेले निष्कर्ष रॉबर्ट्स यांना मान्य नव्हते. त्यांनी आपल्या हरकती एकेक करून समोर ठेवल्या, उत्तरे ऐकून घेतली आणि पुढची हरकत काढली. वैचारिक मुलाखतीचा असा कस दोघांचे पटत नसतानाच लागतो. दुसरे अर्थतज्ज्ञ-यजमान टायलर कोवेन यांची रीत याहून वेगळी. पाहुण्याचे जवळपास सगळे लेखन वाचून ते बसतात आणि त्याने इतरत्र शंभरदा सांगितलेले त्याला पुन्हा सांगू देत नाहीत. त्यांचे प्रश्न कधी कधी तुटक वाटतात, पण पाहुणा पाठ केलेल्या वाक्यांवरून खाली उतरतो.

आपल्याकडे या वाटेवर सर्वात दूर गेले ते मुंबईचे अमित वर्मा. त्यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा पॉडकास्ट 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत आणि एखाद्या सरकारी धोरणाचे न दिसणारे परिणाम उलगडणे एवढाच त्यांचा हेतू होता. नावही फ्रेडरिक बास्तिया यांच्या 1850 च्या निबंधावरून घेतलेले. पुढे भाग तीन, चार, पाच तासांचे झाले. रामचंद्र गुहा असोत की शांता गोखले, वर्मा आधी माणसाचे बालपण, वाचन, घडण यांत शिरतात आणि मग त्याच्या विचारांकडे येतात. त्यामुळे एखादे मत कुठल्या अनुभवातून आले ते कळते. काही भागांना कात्री लावायला हवी होती, असे मला वाटते. यजमानाचे स्वतःचे सिद्धान्त वारंवार कानावर पडतात. तरीही भारतीय बुद्धिजीवींच्या आयुष्यांचा एवढा तपशीलवार ध्वनिसंग्रह मला दुसरीकडे आढळत नाही.

सत्ताधारी समोर बसला की मात्र या कलेचे पाय लटपटतात. लेखकासमोर जे कुतूहल फळते, ते सत्तेसमोर आतिथ्य होऊन बसते. ऑक्टोबर 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाची मुलाखत टाळली आणि पॉडकास्टर जो रोगन यांच्यापुढे ते जवळपास तीन तास बोलले. नरेंद्र मोदी जानेवारी 2025 मध्ये निखिल कामत यांच्या आणि मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्या पॉडकास्टवर दिसले. पंतप्रधान झाल्यापासून देशात खुली पत्रकार परिषद न घेणारा नेता इथे तासन्‌तास बोलतो, यात त्याचा हिशेब उघड आहे. फ्रिडमन यांनी गुजरातमधल्या 2002 च्या दंगलींचा विषय काढला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. उत्तर लांबलचक आले. त्यातल्या दाव्यांची उलटतपासणी झाली नाही. वेळ होता, श्रोते होते, उपप्रश्न नव्हता. उपप्रश्नासाठी कागदपत्रे वाचलेली लागतात, आणि हा पाहुणा पुन्हा येणार नाही हे गृहीत धरण्याची तयारीही लागते.

मराठीत मुलाखत ऐकायला जमणारा श्रोता नवा नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची, आणि सुधीर गाडगीळांच्या मुलाखतींना सभागृहे भरत आली. त्या श्रोत्याला आज ‘थिंक बँक’ या यूट्यूब वाहिनीवर अर्थकारण, शेती, परराष्ट्र धोरण यांवर तास-तासभर बोलणारी माणसे मिळतात, ‘मित्र म्हणे’, ‘अमुक तमुक’ यांनीही आपापला श्रोता घडवला आहे. हे काम मोलाचे आहे. अडचण आहे ती मांडणीची. संयत बोललेल्या अभ्यासकाच्या भागाला भडक मथळा दिला जातो, एक वाक्य कापून चाळीस सेकंदांची क्लिप फिरते आणि पाहुण्याचा युक्तिवाद मागेच राहतो. राजकीय पाहुणा असला की किस्से मुबलक, पण त्याच्या खात्याचा अर्थसंकल्प, विधानसभेतली त्याची जुनी भाषणे, बदललेल्या भूमिका यांतले काही टेबलावर क्वचितच येते.

आणखी एक उणीव मला जास्त खटकते. कोवेन प्रत्येक भागाचे संपूर्ण शब्दांकन प्रसिद्ध करतात. वर्मा भागात आलेल्या पुस्तकांची, लेखांची लांब यादी सोबत देतात. मराठीत ही पद्धत रुजलेली नाही. सोलापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला सिंचनावरच्या मुलाखतीतला नेमका आकडा हवा असेल, तर त्याला दीड तासाचा व्हिडिओ मागे-पुढे करत बसावे लागते. एका भागाचे शब्दांकन करून तपासायला माणूस लागतो, पैसाही लागतो. कॅमेरे, दिवे आणि सोफ्यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा तिकडे वळला, तर पाच वर्षांनी नेत्याला त्याचेच वाक्य वाचून दाखवता येईल.