तक्त्यातला शेपटीवाला 'एम'

आयपीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी. तिच्या तक्त्यात अनुनासिकांच्या ओळीत साध्या 'एम'शेजारी शेपटी असलेला आणखी एक 'एम' बसलाय. हा दंतोष्ठ्य अनुनासिक. 'कम्फर्ट' हा शब्द इंग्रजी वळणाने पटकन म्हणून बघा: ओठ एकमेकांना टेकत नाहीत, खालचा ओठ सरळ वरच्या दातांना लागतो. तोच हा.

गंमत अशी की उच्चार म्हणून तो मुळीच दुर्मीळ नाही. इंग्रजीत, इटालियनमध्ये पुढच्या 'एफ'मुळे 'म' असा सरकतो, पण अर्थ बदलत नाही. दुर्मीळ आहे ते त्याचं स्वनिम असणं, म्हणजे साध्या 'म'च्या जागी हा आला की शब्दच दुसरा होणं. त्यासाठी बहुतेक वेळा एकाच भाषेचं नाव येतं: काँगो प्रजासत्ताकातली कुकुया, टेके गटातली बांटू भाषा. आधार ख्रिस्तियान पोलियां यांच्या 1975 च्या वर्णनाचा. त्यांच्या नोंदीप्रमाणे हा ध्वनी काढताना दोन्ही ओठ चांगलेच पुढे येतात.

लॅडेफोगेड आणि मॅडिसन यांनी 1996 च्या पुस्तकात शंका काढली: माणसांच्या दातांत फटी असतात, मग तोंडातली हवा पूर्ण अडेल का? शंका रास्त आहे, पण मला ती बाजूची वाटते. हवा थोडी निसटली तरी दोन शब्द वेगळे राहूच शकतात. ते वेगळेपण ऐकणाऱ्याला कशामुळे कळतं, दातांमुळे की पुढे आलेल्या ओठांमुळे, हे विचारायला हवं. त्यासाठी बोलणाऱ्यांचा आवाज आणि ओठ एकत्र टिपावे लागतील.

माझा मोठा आक्षेप मात्र तक्त्यावर आहे. 1886 साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी ही संघटना काढली, आणि 1888 मध्ये तत्त्व मांडलं की अर्थभेद करणाऱ्या ध्वनीला स्वतंत्र चिन्ह हवं. आता मल्याळम घ्या. जीभ दातांना लावून काढलेला 'न' आणि दातांमागच्या हिरडीला लावून काढलेला 'न' तिथे शब्द वेगळे करतात. बोलणारे तीन कोटींहून जास्त. तक्त्यात दोघांना मिळून एकच चौकट, एकच 'एन', फरक दाखवायला खाली बारीकशी खूण. (मल्याळम लिपीसुद्धा दोघांना एकच अक्षर देते, हे खरंय. पण तिने जगातल्या सगळ्या ध्वनींचा ठेका घेतलेला नाही.)

शेपटीवाल्या 'एम'ला ही जागा कुकुयामुळे मिळाली असंही नाही. तो 1975 च्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. 'एफ' आणि 'व्ही'साठी रकाना होताच, युरोपीय कानांना हा 'म' ओळखीचा होता, बसवला.

त्याला तिथून उठवा असं मी म्हणत नाही, कुकुयाला तो लागतो. 'न'ची चौकट तेवढी दुभागा. दंत्य आणि हिरडीचे ध्वनी वेगळे ठेवणारी रेघ त्याच तक्त्यात घर्षकांच्या ओळीत आखलेली आहेच.