मॅनर आणि गावगाडा : एका तुलनेची चिकित्सा

मध्ययुगीन युरोपातील मॅनर शिकविताना आपण प्राध्यापक ‘आपल्याकडील गावगाडा’ असा दाखला सहज देतो. प्रस्तुत लेखात या दाखल्याची चिकित्सा केली आहे.

मॅनरच्या केंद्रस्थानी सरंजामदाराची खासगी शेती होती. भूदासाला आठवड्यातील ठरावीक दिवस तेथे राबावे लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातील गावाला असे केंद्र नाही. पाटील-कुलकर्णी वतनदार असले, तरी बलुतेदार साऱ्या गावाची सेवा करी आणि सुगीत कुणब्यांकडून धान्याचा वाटा घेई. शिवाय हे गाव बंदिस्तही नव्हते. अजिंठ्याजवळील फर्दापूरची मोगलकालीन सराई हेच सुचविते. गाव राजमार्गाशी, व्यापाराशी आणि लष्कराशी जोडलेले होते.

मात्र या भेदावरून गावगाड्याचे उदात्तीकरण करणे तितकेच चुकीचे ठरेल. भूदास एका धन्याशी बांधलेला होता. वतनी महार जन्माने संपूर्ण गावाशी आणि सरकारी कामाशीही बांधलेला होता. इंग्लंडमधील भूदासत्व सोळाव्या शतकापर्यंत बहुतांशी लयास गेले. येथे महार वतनाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडावे लागले आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला.

सारांश, धनी दिसत नाही म्हणून दास्य नव्हते, असा निष्कर्ष निघत नाही. जातीचा उल्लेख टाळून केलेली ही तुलना विद्यार्थ्याला युरोपही नीट समजू देत नाही आणि स्वतःचे गावही.