बोगदा राहिला, प्रयोग गेला

अमेरिकेत टेक्सासमधील वॅक्साहाची गावाजवळ जमिनीखाली सुमारे २३ किलोमीटरचा बोगदा खणला गेला आणि तसाच सोडून दिला गेला. ८७ किलोमीटर घेराच्या 'सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर' या कणत्वरकाचा तो भाग होता. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रकल्प बंद केला. रायर्डन, हॉडेसन व कोल्ब या तिघांच्या 'टनेल व्हिजन्स' (२०१५) या इंग्रजी पुस्तकात त्याची साद्यंत हकीकत आहे.

१९८७ मधील ४.४ अब्ज डॉलरचा अंदाज ११ अब्जांच्या घरात कसा गेला, भौतिकशास्त्रज्ञ आणि संरक्षण उद्योगातून आलेले व्यवस्थापक यांचे खटके कसे उडाले, हे लेखक कागदपत्रांनिशी दाखवतात. समित्या व अधिकाऱ्यांच्या नावांची गर्दी मात्र दमवते. तेथे खुशाल पाने उलटावीत.

माझी तक्रार वेगळी आहे. चुकले कोणाचे, या शोधात पैसा येण्याची रीत मागे पडते. कोलायडरसाठी दरवर्षी काँग्रेसपुढे नव्याने हात पसरावा लागे. प्रकल्प अमेरिकेच्या आघाडीचा म्हणून मिरवला आणि मग जपानकडे मदत मागितली. दुसऱ्याच्या मिरवणुकीला वर्गणी कोण देणार? जिनिव्हाजवळच्या 'सर्न'ची तुलना पुस्तकात येते, पण ती मला अपुरी वाटली. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत सदस्य देश करारानुसार, राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरतात. ओढाताण तेथेही झाली. १९९६ मध्ये जर्मनीच्या आग्रहाने अंदाजपत्रक कापले गेले. पण २७ किलोमीटरचा जुनाच बोगदा वापरला आणि बाहेरच्या देशांना सोबत घेतले. भारताने अतिसंवाहक चुंबक व चुंबक पेलणारे जॅक बनवून दिले. १९९७ मध्ये खुद्द अमेरिकाही करार करून आली. २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला तो तेथेच, कोलायडरच्या नियोजित ऊर्जेच्या पाव हिश्श्याहूनही कमी ऊर्जेवर.

पुस्तक वाचताना हिंगोली जिल्ह्यातील औंढा आठवत राहिले. तेथील लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मान्यता मिळाली २०१६ मध्ये, २,६०० कोटी रुपये मंजूर झाले २०२३ मध्ये. उपकरणे अमेरिकेकडून यायची, जागा व बांधकाम आपले. मधल्या सात वर्षांची हकीकत कोणी मराठीत लिहिली, तर ती मी या पुस्तकाआधी वाचीन.