चोरवाटेने आलेला चहा

दोह्यात संध्याकाळी टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला, की कागदी कपातला ‘करक’ थेट खिडकीशी येतो. हा शब्द म्हणजे आपलाच ‘कडक’, अरबी जिभेवर थोडा मऊ झालेला. डब्यातले दाट दूध, वेलची, भरपूर साखर आणि पुन्हा पुन्हा उकळलेली पत्ती. असाच एक कप शेजारी ठेवून अमिताव घोष यांचे ‘स्मोक अँड अ‍ॅशेस’ (2023) वाचायला घेतले आणि चहा निवून गेला. पुस्तक अफूविषयी आहे. पण अफूची गोष्ट चहाशिवाय सांगता येत नाही, हे घोष यांनी नेमके ओळखले आहे.

‘चहा आपल्याला इंग्रजांनी शिकवला’, असे आपण म्हणतो. मग सर्वसामान्य इंग्रजाला तो कोणी लावला? बऱ्याच अंशी चोरट्या व्यापाऱ्यांनी! अठराव्या शतकात तिथे चहावर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता आणि वर जबर कर. तेव्हा डच, डॅनिश, स्वीडिश जहाजांनी युरोपात आणलेला चहा रातोरात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरू लागला. 1747 साली तर एका टोळीने पूल बंदरातले जकातघर फोडून आपला जप्त झालेला चहा परत नेला! अखेर 1784 मध्ये सरकारने कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरट्यांचा धंदा बसला. पण तोवर चहा गरिबाच्या घरातही पोचला होता. सवय चोरट्यांनी लावली, गिऱ्हाईक कंपनीला मिळाले.

या चहाची किंमत चीनला चांदीत मोजावी लागे. ती चांदी वाचवायला अफू पुढे आली. चीनमध्ये तिच्यावर बंदी होती, म्हणून कंपनी ती आपल्या जहाजांतून नेत नसे. कलकत्त्यात लिलाव करून ती हात झटके. पुढची चोरी खासगी व्यापाऱ्यांच्या नावावर.

इथून पुस्तक मराठी वाचकाच्या अंगणात येते. बिहारमध्ये कंपनीने शेतकऱ्याला बांधून घेतले आणि ठरवील त्या भावाने अफू उचलली. माळव्यात मात्र 1818 पर्यंत शिंदे-होळकरांची सत्ता असल्याने तसा मक्ता बसवता आला नाही. तिथला माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून बाहेर जाई. वाटा अडवल्या तर वाळवंटातून कराचीला आणि तिथून समुद्रमार्गे पुन्हा दमणला. अमर फारुकी यांनी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन’ या ग्रंथात ही कहाणी तपशीलवार मांडली आहे. शेवटी 1831 च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि फी घेऊन मुंबईमार्गे माल नेण्याचे पास द्यायला सुरुवात केली. कालची तस्करी एका शिक्क्याने व्यापार झाली!

घोष यांची ही तुलना पुस्तकाचा गाभा आहे आणि ती पटते. माझी तक्रार आहे ती आपल्या वाचण्याविषयी. ‘मराठ्यांनी तलवार धरली म्हणून मुंबईकडे पैसा राहिला’, असे म्हणून छाती फुगवणे सोपे आहे. लेखक त्या नफ्याची भलामण करीत नाही. पण पश्चिमेची सुबत्ता आणि पूर्वेचे दारिद्र्य अशी जोडी मांडली, की पश्चिमेची बाजू आपोआप उजळ दिसू लागते. सर जमशेटजी जीजीभॉय अफूच्या व्यापारातले मोठे नाव. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची माणसे बरी झाली असतील. ते दान खरे, आणि कँटनमधला अफूबाजही खरा. कंपनीला चकवले म्हणून अफूचे अमृत होत नाही. या हिशेबावर घोष यांनी आणखी रेंगाळायला हवे होते, असे वाटत राहते.

हा हिशेब कतारलाही परका नाही. इथे पूर्वी भारतीय रुपयाच चाले. आखातातून भारतात चोरटे सोने जाई आणि त्यापोटी आलेले रुपये परत करून स्टर्लिंग मागितले जाई. म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. 1966 च्या अवमूल्यनानंतर कतारने रुपया सोडला. रुपया गेला, कडक चहा राहिला.

आणि तोही नियम मोडूनच! भारतात चहाचा प्रचार करणाऱ्या मळेवाल्यांच्या संघटनेला आपले दूध-साखर-मसाल्याचे उकळणे रुचत नव्हते. त्यात पत्ती कमी खपते ना! टपरीवाल्यांनी ते ऐकले नाही, म्हणून चहा सर्वांच्या खिशाला परवडला. या साऱ्या चोरवाटांत कोणाचा बळी न घेता चहा स्वस्त करणारी वाट मला एवढी एकच दिसते. घोष यांचे पुस्तक जरूर वाचा. मात्र करक आधी संपवा.